खाडा कोणाच्या नावे मांडायचा?

पीएच.डी.ला इतकी वर्षे का लागतात, हा प्रश्न सोलापुरात मला लग्नाच्या पंगतीत विचारला जातो, गड्ड्याच्या जत्रेत भेटलेल्या शाळेतल्या मैत्रिणी विचारतात, आणि गेल्या वर्षी तर पासबुक भरून देताना बँकेतल्या कारकुनानेही विचारला. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुधा तयार असते. मुलीची चिकाटी कमी पडत असावी, मार्गदर्शकांशी पटत नसावे, किंवा लग्न लांबवायला हे निमित्त बरे सापडले असावे. रसायनशास्त्रातील संशोधनाचे माझे हे पाचवे वर्ष आहे, आणि दुसऱ्या वर्षापासून मी एका वहीत दोनच गोष्टींची तारीखवार नोंद ठेवत आले आहे : मी काम केले ते दिवस, आणि काम करायला मी हजर असूनही दुसऱ्या कोणामुळे ते अडून राहिले ते दिवस. या वहीच्या आधारे मला असे म्हणायचे आहे की जिल्ह्याच्या गावी विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्याची जी वर्षे जातात, त्यांतील मोठा वाटा निव्वळ थांबण्यात जातो. हे थांबणे विद्यार्थ्याच्या हातात नसते, तरी नियमांच्या हिशेबात त्याचा सगळा खाडा त्याच्याच नावे मांडला जातो.

मी काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडचा पातळ थर बसवते. हवेतला एखादा वायू या थराला लागला की त्याचा विद्युत रोध बदलतो, आणि त्या बदलावरून वायूचा माग काढता येतो. थर बसवण्याची पद्धत स्वस्त आहे. जस्ताच्या क्षाराचे द्रावण, त्यात अमोनिया, 80 ते 90 अंशांपर्यंत तापवलेले पाणी आणि त्यात उभी केलेली काच, एवढ्यावर काम होते. मग ती काच भट्टीत 400 अंशांवर भाजायची. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी प्रयोगशाळा अशाच पद्धतींवर उभ्या राहिल्या, कारण त्यांना लाखांची यंत्रे लागत नाहीत. पण पाणी लागते, आणि तेही ऊर्ध्वपातित. ऊर्ध्वपातनाच्या यंत्रातून एक लिटर शुद्ध पाणी मिळवायचे तर वाफ थंड करण्यासाठी त्याच्या कितीतरी पट पाणी नळीतून वाहू द्यावे लागते. ज्या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते तिथे हे यंत्र केव्हा चालवायचे, ते संशोधनाच्या वेळापत्रकाने ठरत नाही, पाणीपुरवठ्याच्या पाळीने ठरते. उजनी भरलेले असो वा नसो, आमच्या प्रयोगशाळेची टाकी भरली की त्या दिवशी आम्ही सगळे काचेच्या बाटल्या घेऊन रांगेत उभे असतो. मे महिन्यात पारा 43-44 अंशांवर गेला की दुपारी वीज जाते, भट्टी निम्म्या वाटेवर थंड होते, आणि आत ठेवलेल्या सगळ्या काचा बाद होतात. या अडचणींची मी तक्रार करत नाही. सोलापूरकराला त्यांची सवय आहे, आणि त्यांतून मार्ग काढण्यातही थोडेफार विज्ञान शिकून होते.

खरी अडचण थर तयार झाल्यानंतर सुरू होते. काचेवर जे बसले ते झिंक ऑक्साइडच आहे की नाही, हे डोळ्यांनी कळत नाही. त्यावर क्ष-किरण सोडून ते कोणत्या कोनात परावर्तित होतात ते पाहावे लागते. तांब्याच्या नळीचे क्ष-किरण असतील तर सुमारे 34.4 अंशांवर एक ठळक शिखर दिसले पाहिजे, म्हणजे स्फटिक काचेवर उभे वाढले आहेत असे समजते. पृष्ठभाग पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. ही यंत्रे फार महाग असतात आणि प्रत्येक महाविद्यालयाने ती घ्यावीत असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. म्हणूनच केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने देशात सामायिक उपकरण केंद्रे उभी केली, त्यांतले एक पवईच्या आयआयटीत आहे. आम्हीही आमचे नमुने बाहेरगावी पाठवतो. कधी कुरिअरने, आणि फुटण्याची भीती असेल तेव्हा हुतात्मा एक्स्प्रेसने, मांडीवर डबा घेऊन. तिथे अर्ज करायचा, शुल्क भरायचे आणि वाट पाहायची. दुसऱ्या वर्षी मी पाठवलेल्या अकरा नमुन्यांचे निकाल चार महिन्यांनी आले. मधल्या काळात यंत्र बिघडले होते, मग ते चालवणारा तंत्रज्ञ रजेवर गेला, आणि मग दिवाळी आली. यात कोणाचाही दुष्टपणा नव्हता, हे मी मुद्दाम नमूद करते.

आता या चार महिन्यांचा अर्थ काय, ते प्रयोगशाळेबाहेरच्या वाचकाला सांगायला हवे, कारण तो अर्थ केवळ उशीर एवढाच नाही. माझ्या पाककृतीत चार गोष्टी बदलता येतात : द्रावणाची तीव्रता, त्याचा सामू, तापमान आणि बुडवून ठेवण्याचा वेळ. प्रत्येकीच्या तीनच किमती घेतल्या तरी 81 प्रकारचे थर होतात. ज्या संस्थेत क्ष-किरणांचे यंत्र त्याच इमारतीत आहे, तिथला विद्यार्थी सकाळी थर बसवतो, संध्याकाळी आलेख पाहतो, आणि दुसऱ्या दिवशी कोणत्या दिशेला जायचे नाही हे त्याला कळलेले असते. त्याला 81 पैकी पंधरा-वीस थर पुरतात. मला मात्र एक तर 81 थर आंधळेपणाने करून ठेवावे लागतात, किंवा अंदाजाने अकरा निवडून ते चुकीचे निघाल्याचे चार महिन्यांनी समजून घ्यावे लागते. विज्ञानात शिकणे म्हणजे चूक करून ती लवकर कळणे. चूक कळायला ऋतू बदलावा लागत असेल, तर हुशारीचा उपयोग फारसा उरत नाही.

त्याहून वाईट म्हणजे नमुना वाट पाहत नाही. झिंक ऑक्साइडचा पृष्ठभाग हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड धरतो, आणि त्यावर हळूहळू हायड्रॉक्साइडाचे, कार्बोनेटाचे संयुग तयार होऊ लागते. आम्ही काचा डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवाबंद भांड्यात, ओलावा शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलवर ठेवतो, पण पावसाळ्यात ते जेल ओलाव्याने भरून आठवड्यात गुलाबी पडते. मग ज्या थराचे वायूसंवेदन मी जूनमध्ये मोजले आणि ज्याचे सूक्ष्मदर्शक छायाचित्र ऑक्टोबरमध्ये आले, ते दोन्ही एकाच थराचे आहेत असे मी कोणत्या तोंडाने लिहू? एका नियतकालिकाच्या परीक्षकाने मला नेमके हेच विचारले होते. प्रश्न रास्त होता. मी सगळी मालिका पुन्हा केली, आणि वहीत आणखी सात महिने चढले. प्रश्न न विचारणारे परीक्षकही असतात, आणि अशा वेळी जुन्या थराचे छायाचित्र नव्या थराच्या आकड्यांशेजारी छापून जाते. संशोधनातील गैरप्रकारांची चर्चा आपण वाङ्मयचौर्यापाशी थांबवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनी साधर्म्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, त्यापुढे चढत्या पायऱ्यांनी शिक्षा, अशी व्यवस्था लावून दिली आहे. पण थांबण्यातून येणारे हे मुके असत्य कोणत्याही संगणक प्रणालीत सापडत नाही.

हे सगळे पाहताना मला माझ्या घरचा धंदा आठवतो. आमचे अण्णा अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत चादरीच्या मागावर होते. काम उक्त्यावर, जितके कापड उतरेल तितकी मजुरी. वीज गेली, ताण्याच्या सुताचा बीम वेळेवर आला नाही, माग बिघडला आणि तो दुरुस्त करणारा जॉबर दुसऱ्या मागावर अडकला, की अण्णा मागाशेजारी बसून राहत, आणि त्या बसण्याचे पैसे शनिवारच्या हिशेबात नसत. आजोबांचे तसे नव्हते. ते मिलमध्ये होते, आणि मिलमध्ये 'ले-ऑफ' हा शब्द होता. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात 1953 साली एक प्रकरण घालण्यात आले. कोळसा, वीज किंवा कच्चा माल यांचा तुटवडा पडला, मालाचा साठा तुंबला किंवा यंत्र बिघडले, आणि त्यामुळे मालक काम देऊ शकला नाही, तर वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला त्या दिवसांचा मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या निम्मा मोबदला मिळावा, असे त्याने ठरवले. अट एवढीच की कामगाराने दररोज ठरल्या वेळी येऊन हजेरी द्यावी. बदली कामगाराला तो हक्क नव्हता आणि 50 हून कमी कामगारांच्या कारखान्यालाही ती तरतूद लागू नव्हती, म्हणून लहान कारखान्यातल्या अण्णांपर्यंत ती पोचली नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी एकेक करून बंद पडल्या आणि शहराच्या बोलण्यातून तो शब्दही गेला. पण त्या कायद्यामागची समजूत फार स्वच्छ होती : माणूस कामाला हजर आहे आणि यंत्र उभे आहे, तर तो खाडा माणसाचा नाही.

संशोधक विद्यार्थी आज उक्त्यावरच्या कामगाराच्या जागी आहे. प्रबंध उतरला की हिशेब, तोवरचे बसणे त्याचे त्याने पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर 2022 च्या पीएच.डी. विनियमांनुसार किमान 3 आणि कमाल 6 वर्षे मिळतात, पुनर्नोंदणी केली तर आणखी 2 वर्षे. महिलांना आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यावर 2 वर्षांची सवलत आहे, आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी 240 दिवसांची रजा आहे. या सवलती चांगल्याच आहेत. पण विद्यार्थ्याच्या शरीरामुळे आणि संसारामुळे होणारा उशीर ओळखणाऱ्या नियमाला यंत्रामुळे, कार्यालयामुळे होणारा उशीर दिसत नाही. त्याच विनियमांत असेही म्हटले आहे की प्रबंध सादर झाल्यापासून मौखिक परीक्षेच्या निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया संस्थेने 6 महिन्यांत पुरी करावी, आणि ही अपेक्षा 2016 च्या विनियमांतही होती. आता या दोन मुदती शेजारी ठेवून पाहाव्यात. विद्यार्थ्याची मुदत उलटली तर त्याची नोंदणी धोक्यात येते. संस्थेची मुदत उलटली, बहिःस्थ परीक्षकाचा अहवाल आठ महिने आला नाही, किंवा आलेला अहवाल टपालाच्या गठ्ठ्यात पडून राहिला, तर काय होते? विद्यार्थी खेटे घालतो, इतकेच. रहिवासी दाखल्याला उशीर झाला तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 खाली अपील करता येते आणि जबाबदार अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. सहा वर्षांच्या श्रमांच्या परीक्षणाला दाखल्याइतकी तरी इज्जत असावी, ही मागणी फार मोठी आहे असे मला वाटत नाही.

पैशाचेही तेच. संशोधकांची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) 1 जानेवारी 2023 पासून दरमहा 37,000 आणि वरिष्ठ 42,000 रुपये झाली, आणि आकडा वाईट नाही. पण ती मिळते कमाल 5 वर्षे, तर संशोधनाची मुभा 6 वर्षांची, म्हणजे शेवटचे वर्ष घरच्यांच्या जिवावर काढायचे, हे नियमांनीच गृहीत धरले आहे. राज्यात बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे ज्यांच्या घरात पदवीधरही नव्हता अशी मुले-मुली संशोधनाला आली, हे मोठेच काम झाले. तरीही नोंदणीच्या दिनांकापासून रक्कम मिळावी यासाठी संशोधकांना पुण्या-मुंबईत आंदोलनाला बसावे लागले. माझी स्वतःची रक्कम एकदा नऊ महिने आली नाही आणि मग एकदम जमा झाली. त्या आठवड्यात नातेवाइकांना मी श्रीमंत वाटले. प्रत्यक्षात तीतले निम्मे पैसे भट्टीच्या दुरुस्तीसाठी आणि नमुन्यांच्या शुल्कासाठी आधीच उसने घेतलेले होते.

या म्हणण्यावर माझ्याच विभागात मला आक्षेप ऐकावे लागले आहेत. ते फेटाळून लावण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा की संशोधन हे मागावरचे काम नाही, तिथे घड्याळ लावता येत नाही. निकालांची वाट पाहताना वाचावे, लिहावे, विचार करावा. हे अर्धे खरे आहे. 1 जानेवारी 2025 पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना सुरू झाली आणि सरकारी शिक्षणसंस्थांना सुमारे 13,000 नियतकालिके खुली झाली, त्यामुळे वाचण्याची सोय पूर्वीपेक्षा नक्कीच वाढली आहे. (एखादा शोधनिबंध मिळवण्यासाठी परदेशातल्या अनोळखी प्राध्यापकाला विनवणीचा ईमेल पाठवण्याचे दिवस मी पाहिले आहेत, आणि थांबणे धोरणाने कमी करता येते याचे हे उदाहरणच आहे.) पण ज्या थांबण्याचा शेवट ठाऊक आहे तेच थांबणे वाचनाच्या कामी येते. भारनियमनाच्या काळात वेळापत्रक जाहीर झालेले असले की अण्णा त्या वेळात घरचे दळण आणत. अचानक वीज गेली की मात्र मागापासून हलता येत नसे, कारण ती केव्हाही येईल. अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे हे न कळणारा विद्यार्थी असाच मागापाशी बसलेला असतो. नवी मालिका सुरू करावी तर जुन्या निकालांनी ती फोल ठरेल, न करावी तर महिने जातील.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे : कित्येक विद्यार्थी खरोखरच आळस करतात, तासिका तत्त्वावर दोन महाविद्यालयांत शिकवतात, आणि संशोधन नावापुरते ठेवतात. मान्य. पण तासिका तत्त्वावर शिकवायला ते का जातात, याचे उत्तर वर अधिछात्रवृत्तीच्या हिशेबात आले आहे. शिवाय तारखांची नोंद ठेवली तर आळसही तितकाच उघड होईल, म्हणून प्रामाणिक विद्यार्थ्याने तिला भिण्याचे कारण नाही. तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा कैफियत आहे आणि ती मार्गदर्शकांची आहे. सहायक प्राध्यापकाला 4, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि प्राध्यापकाला 8 संशोधक घेता येतात. त्याच वेळी सहायक प्राध्यापकाने आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष शिकवावे, अशीही अपेक्षा आहे. माझ्या सरांनी माझ्या प्रबंधाच्या एका प्रकरणाचा मसुदा दीड महिना ठेवला तेव्हा ते परीक्षेच्या कामात बुडाले होते, हे मी पाहत होते. त्यांच्याही वेळेचा हिशेब कोणी ठेवत नाही. आमचे थांबणे वरून खाली झिरपत येते आणि सर्वांत खाली विद्यार्थी असतो.

यावर उपाय म्हणून नवे यंत्र मागणे सोपे आहे, आणि ते मिळाले तर हवेच आहे. 1962 साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झाले आणि 2004 पर्यंत अक्कलकोट-सांगोल्याचा विद्यार्थी एकेका अर्जासाठी कोल्हापूरची एसटी धरत होता. सोलापूरला स्वतःचे विद्यापीठ झाल्याने त्याची ती फेरी वाचली, म्हणजे अंतर कमी केले की वेळ वाचतो, हे या जिल्ह्याने अनुभवले आहे. पण यंत्राला कोटी लागतात आणि वहीला काही लागत नाही. म्हणून माझा आग्रह वहीचा आहे. प्रत्येक संशोधकाची एक कालनोंद असावी, आणि ती मार्गदर्शक व संशोधन केंद्र यांच्या सह्यांनी दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती अहवालासोबत ठेवली जावी. नमुना केव्हा पाठवला, केव्हा परत आला, मसुदा केव्हा दिला, केव्हा मिळाला, अधिछात्रवृत्तीचा अर्ज केव्हा पुढे गेला आणि रक्कम केव्हा आली, एवढेच तिच्यात असावे. जे दिवस संस्थेमुळे किंवा उपकरण केंद्रामुळे अडले ते 6 वर्षांतून वजा व्हावेत, आणि तितके दिवस अधिछात्रवृत्ती वाढावी. प्रबंध सादर केल्यापासून मौखिक परीक्षेपर्यंत ती चालूच राहावी. संस्थेच्या उशिराचे पैसे संस्थेला किंवा शासनाला मोजावे लागले, तर 6 महिन्यांची मुदत कशी पाळायची हे कोणाला शिकवावे लागणार नाही. सामायिक उपकरण केंद्रांनी आपली रांग जाहीर करावी, आणि परगावच्या नमुन्यांसाठी आठवड्याचा एक दिवस राखून ठेवावा. आपल्या इमारतीतल्या विद्यार्थ्याला प्राधान्य देणे स्वाभाविक आहे, पण यंत्र सार्वजनिक पैशातून आलेले असते.

सर्वांना समान 6 वर्षे, हा नियम कागदावर न्याय्य दिसतो. ज्याच्या इमारतीत यंत्र आहे त्याची 6 वर्षे आणि ज्याचा डबा हुतात्माने प्रवास करतो त्याची 6 वर्षे ही एकाच मापाची नाहीत. हे धोरण आखणाऱ्यांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. त्यांनी ते मोजलेले नाही, आणि जे मोजलेले नाही ते अहवालात येत नाही.

मागच्या सहामाहीच्या प्रगती अहवालाला मी माझ्या वहीतली दोन पाने टंकलिखित करून जोडली. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी ती उलटून पाहिली, छापील नमुन्यात यासाठी रकाना नाही असे सांगितले, आणि काढून घ्यायला सुचवले. सरांनी पेन मागून घेतले आणि त्या दोन्ही पानांच्या तळाशी सही करून ती पुन्हा अहवालाला टाचली. पाने आत गेली की नाही, ते पुढच्या बैठकीत कळेल. बैठकीची तारीख अजून लागलेली नाही.